वॉर्निंगसह पूर्ण

५ मार्च, मंगळवार

आज सकाळी सर्व्हरने अंग टाकलं. डिस्क शंभर टक्के भरली, रात्रीचे जॉब अर्ध्यावर लटकले आणि मोठ्या रुग्णालयात नऊ वाजता डॉक्टरांच्या पडद्यावर कालचेच पेशंट. साहेबांनी मीटिंग बोलावली. मीटिंगने डिस्क रिकामी होत असती तर आमच्याकडे आजवर एक फाइल उरली नसती.

आमचं काम तसं हमालीचं. सात दवाखान्यांतली माहिती उचलायची, एका साच्यात बसवायची आणि सकाळच्या आत मोठ्या रुग्णालयात नेऊन टाकायची. असे अकराशे चाळीस हमाल आहेत, त्यांना आम्ही जॉब म्हणतो. प्रत्येक जॉब आपला लॉग लिहितो: कधी निघालो, किती ओळी उचलल्या, कुठे ठेच लागली. थोडक्यात, दैनंदिनी. फरक एवढाच की ते नेमाने लिहितात आणि मी मनात आलं की.

हे लॉग साफ करायचं काम दुर्बीणकाकांकडे. पडद्याला नाक टेकवून बसतात म्हणून हे नाव. त्यांना माहीत आहे, आणि बहुधा आवडतंही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर होते, तेवढ्यात केर साचला. साहेब म्हणाले, "एका माणसाच्या एका डोळ्यावर सगळी सिस्टीम? स्क्रिप्ट लिहून टाका." सगळ्यांना उद्देशून म्हणाले, बघत होते माझ्याकडे.

"लिहिते," मी म्हटलं. काकांच्या डोळ्यांची दया आली म्हणून. खरंच.

७ मार्च, गुरुवार

काकांच्या शेजारी सकाळभर बसले. एक जॉब उघडतात, लॉग वरपासून खालपर्यंत वाचतात, मग पुसतात. मग पुढचा. दुपारी दोनपर्यंत हेच. मधेच फोन उचलून हळू आवाजात कुणाशी तरी बोलले. घरगुती असावं, मी कान दिला नाही.

"काका, हे सगळं वाचता?"

"वाचल्याशिवाय टाकायचं कसं?"

"लोक वर्तमानपत्रं टाकतात की रद्दीत न वाचता."

"त्यात आपलं नाव नसतं म्हणून."

स्क्रिप्टमध्ये किती दिवसांचा लॉग ठेवू, सात की पंधरा, असं विचारलं. म्हणाले, "वाचून होईपर्यंत." मी म्हटलं, स्क्रिप्टमध्ये असा पर्याय नाही. हसले. "वाचलं तर वाचेल, बाई," म्हणाले आणि पुन्हा नाक पडद्याला टेकवलं.

नोकरीबद्दल बोलत असावेत. बिचारे.

१४ मार्च, गुरुवार

स्क्रिप्ट झाली. बत्तीस ओळी. सगळ्या जॉबची यादी घेते, एकेकाची स्थिती विचारते, लॉग पुसते, पुढे जाते. रोज पहाटे पाचला आपणहून सुरू, कुणाच्या हातापाया पडायला नको.

प्रत्येक जॉब संपला की स्थितीचा एक आकडा मागे ठेवतो. एक म्हणजे पूर्ण. दोन म्हणजे वॉर्निंगसह पूर्ण. तीन म्हणजे कोसळला. मी लिहिलं: एक किंवा दोन असेल तर पूस, तीन असेल तर ठेव. काका मागे येऊन उभे होते.

"दोनला हात लावू नका."

"काका, दोन म्हणजे पूर्णच की."

"पूर्ण वेगळं, वॉर्निंगसह पूर्ण वेगळं."

"माझं लग्नसुद्धा वॉर्निंगसहच पूर्ण झालं होतं. त्याचा लॉग जपून ठेवलाय का कुणी?"

ते हसले नाहीत. मी त्यांना मोजून दाखवलं: रोज सहाशेच्या वर जॉब दोनवर संपतात आणि कुरकुर काय, तर तारखेत एक जागा मोकळी आहे. दोन ठेवले तर महिन्यात डिस्क पुन्हा भरेल. काका म्हणाले, "बघा बुवा," आणि जागेवर गेले.

घरी येऊन ताईला सांगितलं. माझं लग्न मोडल्यानंतरची बारा वर्षं आम्ही दोघी एकाच घरात आहोत. ती शाळेत भूगोल शिकवते आणि मला अजून चौथीतली समजते. म्हणाली, "म्हणजे धाकटे, तू आपणहून झाडणारा झाडू शोधलास."

१८ मार्च, सोमवार

चार मिनिटं अकरा सेकंद. अकराशे चाळीस जॉब. डिस्क अडतीस टक्क्यांवर. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सुंठीवाचून खोकला गेला.

काका नेहमीसारखे आठला आले. खुर्ची पुढे ओढली, पहिला जॉब उघडला. लॉग रिकामा. दुसरा, रिकामा. दहाबारा उघडून बघितले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हटलं, चला, डोळ्यांना आराम मिळाला.

२० मार्च, बुधवार

ताईला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. काखेत गाठ आहे, वाटाण्याएवढी, दोन महिन्यांपासून.

"सांगितलं का नाहीस?"

"विचारलं का नाहीस?"

फॉर्मवर जन्मवर्षाच्या रकान्यात तिने डोळ्याची पापणी न हलवता सहा वर्षं चोरली. बावन्न वर्षांची बहीण घेऊन गेले होते, सेहेचाळीसची घेऊन परतले. मी सत्तेचाळीस. म्हणजे कागदावर मीच तिची ताई.

"अगं, डॉक्टरसमोर तरी खरं लिही."

"डॉक्टर तरुण आहे," ती म्हणाली.

जुन्या ऑपरेशनचं कार्ड मात्र इमानदारीने जोडलं. दहा वर्षांपूर्वी मोठ्या रुग्णालयात पित्ताशयातले खडे काढले, तेव्हाचं. त्यावर खरं वर्ष आहे. "तेव्हा फार दुखत होतं गं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं."

डॉक्टर म्हणाला, बहुतेक काही नसेल, पण तुकडा काढून तपासून घेऊ. मोठ्या रुग्णालयात आजच कळवतो, पंधरा दिवसांत त्यांचा फोन येईल. रात्री तिचा कागद आमच्याच जॉबच्या डोक्यावरून जाणार. तिला सांगितलं तर म्हणाली, "सांभाळून न्या म्हणावं."

२९ मार्च, शुक्रवार

काकांचं कंत्राट संपलं, पुढे वाढवलं नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं: "तुमच्या स्क्रिप्टने आपला एक माणूस वाचवला." ऑफिसच्या भाषेत माणूस वाचवणं म्हणजे माणूस काढणं, हे मला इतक्या वर्षांनी आज नीट समजलं.

काका पिशवीत डबा, चष्म्याची दोन घरं आणि खुर्चीवरची उशी भरत होते. मी तिथेच घुटमळले. सॉरी म्हणावं तर कशाबद्दल, हे नक्की करता येईना. त्यांनी एक चिठ्ठी दिली. तिच्यावर नुसतं १४२.

"मोठ्या रुग्णालयाचा रेकॉर्ड विभाग. काही दिसलं तर यांना सांगायचं. बाई चांगल्या आहेत."

काही दिसायला आधी काही असायला हवं. पण त्यांचं मन राखायला चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली.

८ एप्रिल, सोमवार

"फोन नाही आला अजून," ताई म्हणाली. "मीच करून बघू का?"

मी म्हटलं, "फोन नाही म्हणजे काही नाही. वाईट असतं तर धावत आले असते. आणि ती सिस्टीम आम्हीच चालवतो, ताई. आमच्याकडून काही सुटत नाही."

"तू आहेस म्हणजे काय प्रश्नच नाही," असं म्हणून पेपर तपासायला बसली. टोमणा होता की विश्वास, तिचं कधीच कळत नाही.

३ मे, शुक्रवार

कंपनीने प्रशस्तिपत्र दिलं, काचेच्या चौकटीत. 'नावीन्यपूर्ण स्वयंचलनाबद्दल.' घरी नेलं. ताईने ते चपलांच्या कपाटावर टांगायला सांगितलं, येता-जाता वाकून नमस्कार होतो म्हणून.

खिळा मात्र मला ठोकायला लावला. एरवी भिंतीला मला हात लावू देत नाही. हल्ली सैल बाह्यांचे कपडे घालते. उकडतं म्हणे.

२७ मे, सोमवार

काल ताईला वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी जबरदस्तीने बाही वर केली. वाटाण्याचा अक्रोड झालाय, आणि शेजारी आणखी दोन.

आज रजा टाकून थेट मोठ्या रुग्णालयात. खिडकीतल्या मुलीने कार्डावरचा नंबर टाकला. "या नंबरवर तपासणीची काही नोंद आलेली नाही." मी दवाखान्याची पावती पुढे केली. वीस मार्च. तिने पावती बघितली, पडदा बघितला.

"इथे बावन्न वर्षांच्या बाई आहेत. पावतीवर सेहेचाळीस. जुळलं नसेल म्हणून आलंच नसेल."

मागे वीस माणसांची रांग. ताई म्हणाली, "मी बावन्नचीच." तिचा आवाज मी शेवटच्या बाकापर्यंत पोचताना ऐकलाय. आज तो खिडकीच्या काचेपर्यंत जेमतेम पोचला.

तुकडा आजच काढून घेतला.

२८ मे, मंगळवार

सकाळी १४२ लावला.

"सिस्टीमकडून बोलतेय," म्हटलं.

"अगबाई, काका कुठे आहेत? दोन महिने झाले, त्यांचा एक फोन नाही. आम्ही म्हटलं, चला, दवाखान्यांना अक्कल आली, चुकाच थांबल्या."

"काका रोज फोन करायचे?"

"रोज असं नाही. कधी एक नाव, कधी चार. कुणाची तारीख उलटी, कुणाच्या नावात काना जास्त. तेवढं दुरुस्त केलं की माणूस यादीत यायचा. आम्हाला इकडून दिसत नाही ना, काय आलं नाही ते."

वीस मार्चचा लॉग अर्थातच नाही. एकवीसला पहाटे पाच वाजता माझ्या बत्तीस ओळींनी तो पुसला. पण दवाखान्यांकडून आलेल्या मूळ फाइली नव्वद दिवस ठेवतो आम्ही. ती फाइल काढली, जॉबच्या चाचणीच्या प्रतीवर चालवली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक लॉग वरपासून खालपर्यंत वाचला. तारखेत मोकळी जागा, तारखेत मोकळी जागा, तारखेत मोकळी जागा. मग:

ओळ २१७ नाकारली. रुग्ण क्रमांक जुळतो, जन्मवर्ष जुळत नाही.

त्याखाली आणखी मोकळ्या जागा. शेवटी स्थिती: २.

अठरा मार्चपासूनच्या सगळ्या फाइली तशाच चालवल्या. संध्याकाळचे सहा वाजले. नाकारलेली माणसं सदतीस. यादी १४२ वरच्या बाईंना दिली. स्क्रिप्टमधून 'किंवा दोन' काढून टाकलं. दोन शब्द. उठताना लक्षात आलं, सकाळपासून पडद्याला नाक टेकवून बसले होते.

२९ मे, बुधवार

साहेबांना सांगितलं. आधी त्यांनी दार लावलं. म्हणाले, अहवालात 'प्रक्रियेतील अनपेक्षित त्रुटी' असं लिहा. मी लिहिलं: 'दोनला हात लावू नका असं मला सांगितलं होतं. मी लावला.' खाली नाव. साहेब म्हणाले, अहवालाची ही भाषा नव्हे. मी म्हटलं, खरं आहे, अहवालाच्या भाषेत हे सांगताच येत नाही.

घरी ताई खिडकीत बसली होती. "माझीच करणी," म्हणाली. "मेली सहा वर्षं चोरली. मुलांच्या वहीत एक स्पेलिंग चुकलं तर मी गुण कापायची, आणि स्वतः..."

मी पाणी प्यायले. भांडं उपडं घातलं. स्क्रिप्टचं सांगितलं नाही.

३० मे

आजही नाही.

५ जून, बुधवार

रिपोर्ट आला. गाठ नुसती गाठ नाही. ती तिथेच राहिलेलीही नाही, पाठीच्या मणक्यात आणि यकृतात पोचलीय. डॉक्टरीणबाई शांत, स्पष्ट बोलणाऱ्या. "काढून टाकणं आता शक्य नाही. लांबवता येईल. त्रास कमी ठेवता येईल."

"दहा आठवडे आधी आलो असतो तर?" मी विचारलं.

त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सांगता येत नाही," म्हणाल्या.

बाहेर येऊन ताई म्हणाली, "काय छान बोलतात ना. वर्गावर अशी बाई हवी." मग लिफ्टमध्ये: "माझ्या वयाचं तेवढं शाळेत सांगू नकोस हं." मी तिचा हात धरला, दुखरा नव्हता तो.

तिला अजून वाटतंय की सगळं तिच्या खोट्यामुळे झालं. आणि मी ते वाटू देतेय. हे इथे लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही.

८ जून, शनिवार

दुर्बीणकाकांकडे गेले. बाल्कनीत बसले होते, दुसऱ्या डोळ्यावर पट्टी. आवाजावरून ओळखलं. सगळं सांगितलं.

"किती?"

"सदतीस."

"सापडले सगळे?"

"पस्तीस, ताई धरून. एका घरी फोन उचलत नाहीत. एका घरी उचलला, म्हणाले, आता काय उपयोग."

काकांनी मान खाली घातली. मला राग आला. कुणाचा तरी यायला हवा होता. "काका, तुम्ही नीट सांगितलं का नाहीत? दोनला हात लावू नका एवढंच म्हणालात. का, ते सांगायचं होतं ना. या ओळींत माणसं असतात म्हणून."

काका म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला वाटेल म्हातारा नोकरी टिकवायला बोलतोय."

तसंच वाटलं असतं मला. सात मार्चचं पान काढून बघितलं घरी येऊन. तसंच वाटलं होतं.

निघताना म्हटलं, साहेबांना सांगून तुम्हाला परत बोलावते. नको म्हणाले. "आता तुम्ही वाचा."

९ जून, रविवार

सांगितलं.

ताई टेबलाशी पेपर तपासत होती, डाव्या हाताने. उजवा आता टेबलावर नुसता ठेवून देते. मी समोर उभी राहिले आणि एका दमात बोलले: स्क्रिप्ट, आकडा दोन, काका, ओळ दोनशे सतरा. तिने लाल पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे माझा कागद आला होता तुमच्याकडे."

"हो."

"आणि वय जुळत नाही असं त्या यंत्राने लिहूनही ठेवलं होतं."

"हो."

"आणि तू पुसलंस."

"हो."

"वाचलं होतंस?"

"नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताई म्हणाली, "कुणी न वाचता फळा पुसला तर मी अर्धा तास उभं करायची."

मी उभीच होते. तिने टोपण काढलं आणि पुढचा पेपर ओढला. नद्यांचे उगम होते. एकेक उत्तर वाचत होती, खूण करत होती. मी उभी राहिले. चार पेपर झाले, पाच झाले. माझ्याकडे वर बघितलं नाही. सहाव्या पेपरवर डोळ्यांतून पाणी पडलं, तिने ते बाहीने टिपलं आणि शाई पसरली म्हणून त्या मुलाचा अर्धा गुण वाढवला.

मग म्हणाली, "बस आता. गुडघे दुखतात तुझे."

१७ जून, सोमवार

आज दोनच्या स्थितीचे सहाशे अकरा लॉग. आठ ते दीड. माणसं तीन. १४२ लावून तिघांची नावं दिली. बाई म्हणाल्या, "काकांसारखंच हळू बोलता हो तुम्ही."

साहेब येऊन बघून गेले. डिस्क एकसष्ट टक्के. विचारलं, हे किती दिवस चालणार? म्हटलं, वाचून होईपर्यंत.

२ जुलै, मंगळवार

ताईला उपचारासाठी आत घेतलं. फॉर्म मी भरला, तिला लिहिता येत नाही आता. नाव लिहिलं. क्रमांक लिहिला. वयाच्या रकान्यात बावन्न लिहिलं आणि तिला दाखवलं, आमच्या घरची नवी शिस्त.

"अपुरं आहे," ती म्हणाली. "बावन्न वर्षं, सात महिने, अकरा दिवस."

"महिन्यांचा, दिवसांचा रकाना नाहीये गं."

"मग कडेला लिही. आता एक दिवससुद्धा चोरायचा नाही."

कडेला लिहिलं. तिने ते वाचलं. मग मी पुन्हा एकदा वाचलं आणि फॉर्म खिडकीत दिला.